बोटभर तुकडा

चिमटा ती अंबाड्यात खोचायची. लांब टोकाचा, स्टीलचा, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसला. चहाचा कप संपेपर्यंत खाली ठेवायची नाही. कुठलीही नवी वस्तू हातात आली की आधी नाकाशी न्यायची, मग डोळ्यांशी. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायची, चार पावलं चालायची, परत येऊन पुन्हा ओढायची. शिंक आली की स्वतःलाच दटावायची, "पुरे." बोलता बोलता समोरच्याच्या बाहीवरचा सुटा दोरा अलगद उचलायची आणि तो फेकायचा सोडून पदराच्या टोकाला बांधायची.

आणि काही फुटलं तर त्याचे सगळे तुकडे सापडेपर्यंत ते कचऱ्यात टाकू द्यायची नाही.

एकदा माझ्या हातून तिच्याकडचा कप पडला. ती जमिनीवर बसली आणि तुकडे जुळवायला लागली. मला वाटलं, चिकटवायचा असेल. कानाजवळचा एक टवका मिळेना. आम्ही दोघींनी कपाट सरकवलं. टवका भिंतीकडेला निघाला. तो जागेवर बसला, कप पूर्ण झाला, आणि मग तिने तो सगळा कप कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

"एवढं करून फेकलास?"

"मग? फुटका कप ठेवून काय पूजा करू?"

"मग जुळवलास कशाला?"

"राहिला असता तर कुणाच्या तरी पायात गेला असता," ती म्हणाली.

सगळे तिला चिमटामावशी म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागे नुसतं चिमटा. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू देत. सांडशी म्हणत नाहीत हेच उपकार," म्हणायची.

तिला जाऊन अजून महिना झालेला नाही. ती कोण होती आणि काय करायची, ते सांगायला मला दुसरं कुणी दिसत नाही. म्हणून मी सांगते.

आमचं वर्कशॉप म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक लांब पत्र्याची शेड. रस्त्याच्या बाजूला काउंटर, तिथे मी. मागे खडा उतार, गाड्या चालवून बघायला. गाड्या म्हणजे बग्ग्या. उघड्या, बुटक्या, रुंद चाकांच्या. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणाऱ्या. काही खाणीवरच्या, काही डोंगरात अडकलेल्या माणसांना खाली आणणाऱ्या पथकाच्या, आणि काही शर्यतीच्या.

या गाड्यांत गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनाजवळ दोन पुल्या असतात आणि दोन्हींमध्ये एक रबरी बेल्ट. हाताला जड लागणारा, काळा, आतल्या बाजूला दाते, पोटात पिवळे चिवट दोरे. इंजिनाची सगळी ताकद त्या एका बेल्टवरून चाकांकडे जाते. बेल्ट तापला की त्याचं आयुष्य सरतं. चढावर रुतलेली गाडी कुणी तशीच रेटत राहिलं की झाकणाखालून आधी वास येतो, मग धूर, मग बार उडाल्यासारखा आवाज. झाकण उघडलं की आत बेल्ट नसतोच. चिंध्या असतात. पुलीच्या दांड्याभोवती दोरे आवळून बसलेले असतात, मेलेल्या जनावराच्या शिरांसारखे.

त्या चिंध्या बाहेर काढणं हे मावशीचं काम. तिची बोटं बारीक होती. मिस्त्रीच्या बोटांना जिथे वाव नव्हता तिथे तिचा चिमटा जायचा.

इतर ठिकाणी दोरे ओढून काढतात, हवेचा झोत मारतात आणि नवा बेल्ट चढवून मोकळे होतात. आमच्याकडे फळी होती. मावशीनेच सुरू केलेली. एका रुंद फळीवर खडूने बेल्टचा लांबट गोल काढलेला. निघालेला प्रत्येक तुकडा ती त्या गोलावर त्याच्या जागी मांडायची. दाता दात्याला लावून. दोरे जुन्या कंगव्याने विंचरायची, त्यांच्या जुड्या करून शिवणाच्या दोऱ्याने बांधायची. सगळा गोल भरला की म्हणायची, "मिटलं."

तो शब्द ऐकल्याशिवाय मिस्त्री झाकणाला हात लावत नसे. मालकसुद्धा लावत नसे. दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारत नसे. तसा काही नियम नव्हता. पण नसे.

मिस्त्री तिची थट्टा करायचा. "मावशी, मेलेल्या बेल्टचं एवढं करतेस. जिवंत माणसाचं कधी करशील?"

"तू मर की. मग बघ कशी मांडते तुला."

"माझं काही राहिलं तर?"

"तुझं डोकं राहील. ते मुळात नव्हतंच, म्हणून मी सोडून देईन."

शेड हसायची. ती हसायची नाही. चिमटा परत आत घालायची.

आमची मैत्री जेवणाच्या सुट्टीतली. मी साहित्याची पदवी घेऊन बेल्टच्या काउंटरवर बसले, याचं तिला नवल वाटायचं. "वाया गेलीस की मार्गाला लागलीस, ते एकदा ठरव बाई," म्हणायची. मला हाक मारायची पुस्तकवाली. मी तिला वाचलेल्या गोष्टी सांगायचे. ती डबा खात ऐकायची. गोष्ट संपली की विचारायची, "आणि ती धाकटी बहीण? पहिल्यांदा आली होती दारात. तिचं काय झालं?"

"तिचं पुढे काही येत नाही, मावशी."

"म्हणजे लिहिणाऱ्याने आत सोडली तिला." आणि डब्याचं झाकण लावायची.

तिच्या भावाबद्दल ती मला एकदाच बोलली. तेही मी विचारलं नसताना.

भाऊ खाणीवर बग्गी चालवायचा. एकदा बेल्ट तुटला. तिथल्या मिस्त्रीने घाईत चिंध्या काढल्या, नवा बेल्ट चढवला. नखाएवढा एक तुकडा आत राहिला. उतारावर तो पुलीत अडकला. इंजिनाचा अटकाव सुटला, गाडी मोकळी झाली, आणि वळणावर रस्ता सोडून गेली.

"पुली उघडली तेव्हा निघाला तो तुकडा," ती म्हणाली. "मिस्त्रीने माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, हा बघा. जशी काही माझी त्याची ओळखच होती."

तेव्हा ती शिवणयंत्रं दुरुस्त करायची. भावजय पुढे दुसरीकडे संसाराला गेली. भावाचं पोर हिच्या कडेवर राहिलं. त्याला कडेवर घेऊनच ती आमच्या शेडच्या दारात आली आणि काम मागितलं. मालक तेव्हा तरुण होता. त्याने विचारलं, गाड्यांतलं काय येतं? ती म्हणाली, काही नाही, पण आत काही राहू देणार नाही.

ते पोर म्हणजे आमचा भाचा. तो तिचा भाचा, पण शेडमध्ये त्याला सगळेच भाचा म्हणत. उंच, हसरा, हाताला विलक्षण हलका. गाडी अशी चालवायचा की दगड आपणहून बाजूला होतात असं वाटावं. मावशी त्याला उतारावर जाताना कधी बघायची नाही. शेडमध्ये पाठ करून बसायची आणि आवाज ऐकायची. आवाजावरून म्हणायची, "उगाच दाबतोय." किंवा, "आता सोडलं. शहाणा आहे."

या वर्षी मालकाने डोंगरातल्या मोठ्या शर्यतीसाठी एक बग्गी तयार केली आणि भाच्याचं नाव दिलं. किती वर्षं तो या एका गोष्टीची वाट बघत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. मावशीलाही. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याच्या हेल्मेटचा आतला फाटका कापूस मात्र उसवून नवा शिवून दिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रक निघायचा होता. सकाळी भाचा शेवटची एक फेरी म्हणून उतारावर गेला. आम्ही सगळे कामात होतो. वरून बार झाला.

मावशीच्या हातातला कप पहिल्यांदाच मध्येच खाली ठेवला गेला.

भाचा ठीक होता. गाडी ढकलत खाली आणली. बेल्ट इतक्या जोरात तुटला होता की झाकण फाटून त्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं. ट्रक दारात उभा होता. मालक म्हणाला, "नवं झाकण आहे, नवा बेल्ट आहे. मावशी, तेवढं साफ कर. वेळ आहे."

तिने पुल्या दांड्यावरून उतरवायला लावल्या. कंदिलासारखा दिवा आत धरला. एकेक चिंधी निघत गेली, फळीवर येत गेली. दोरे नेहमीपेक्षा जास्त गुंतले होते. ती विंचरत होती, बांधत होती. भाचा आधी उभा होता, मग उकिडवा बसला, मग पुन्हा उभा राहिला.

गोल भरत आला. एका जागी बोटभर खंड राहिला.

तिने दोन्ही पुल्या पुन्हा पाहिल्या. दांडा पाहिला. मागचा पत्रा चाचपला. झाकण उलटं करून आपटलं. काही पडलं नाही.

"झाकणाच्या भोकातून उडाला असेल, मावशी," मिस्त्री म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "उतारावर पडला असेल कुठे."

"असेल. नाहीतर नळीत असेल."

नळी म्हणजे बेल्टला गार हवा पुरवणारी. ती वाकडी होऊन टाकीमागून वर जाते. आतलं बघायचं तर सीट काढायची, टाकी उतरवायची, अर्धी गाडी सोडवायची. त्यात संध्याकाळ झाली असती.

"नळीत कसा जाईल?" भाचा म्हणाला. "हवा आत येते त्या नळीतून, बाहेर जात नाही."

"बार झाला तेव्हा हवेला कुठे कळलं असेल आत कुठलं, बाहेर कुठलं?"

"आत्या, ट्रक उभाय."

"उभा राहू दे. ट्रकचे पाय दुखत नाहीत."

"आज पोचलो नाही तर नाव कापतात. तुला माहितेय."

"मला बरंच माहितेय," ती म्हणाली.

भाच्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने फळीकडे पाहिलं. मग भाचा हळू आवाजात म्हणाला, आणि हळू म्हणाला म्हणूनच ते जास्त लागलं, "आत्या, तुझ्या भावाच्या गाडीत राहिला, म्हणून प्रत्येक गाडीत राहतो असं नसतं. मी तो नाही."

तिने कंगवा हातातल्या जुडीत तसाच ठेवला. पदराला हात पुसले. चिमटा अंबाड्यात खोचला.

"मी उतारावर बघून येते," ती म्हणाली. "मिळाला तर तू जा. मी अडवणार नाही. पण तोवर झाकण लावू नकोस."

मीही तिच्यामागे गेले. ऊन चढलं होतं. उतार म्हणजे नुसते काळे दगड, टायरच्या चऱ्या, मधेच वाळकं गवत. अशा जागी काळा रबराचा तुकडा शोधायचा. ती वाकून चालत होती. दर काही पावलांनी थांबून काहीतरी चिमट्याने उचलायची, नाकाशी न्यायची, टाकायची. मी काही उचललं की तिच्यापुढे धरायचे. ती वास घेऊन मान हलवायची. टायर. चप्पल. पुन्हा टायर.

"जळलेल्या बेल्टचा वास लपत नाही," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. मी म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, बसले तर तो जाईल.

मग ती थांबली. खाली शेडकडे बघितलं. "तू जा. त्याला सांग, नुसता बसू नकोस, सीट काढायला घे. मी इथून बघते, तो तिथून बघू दे. दोन हात लागले की लवकर होईल. सांग, आत्याने जा म्हटलंय. फक्त बघून जा म्हटलंय."

मी धावत खाली आले.

भाचा झाकण लावत होता. नवं झाकण, नवा बेल्ट. मिस्त्री लांब उभा होता, हात मागे बांधून. मी निरोप सांगितला. जसाच्या तसा. भाच्याचे हात थांबले. त्याने उताराकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाना खाली ठेवेल. त्याच वेळी ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

भाच्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि म्हणाला, "मिटलं."

तो शब्द शेडमध्ये पडून राहिला. कुणी उचलला नाही. मिस्त्रीने मान खाली घातली. भाचाही क्षणभर तसाच बसला, तोंडातून काय निघालं ते स्वतःलाच ऐकू आल्यासारखा. मग उठला. गाडी ट्रकवर चढली. जाता जाता मला म्हणाला, "तिला सांग, परवा आलो की पाय धरतो तिचे. खरंच सांग."

ट्रक गेल्यावर मी पाण्याची बाटली घेऊन वर निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते. असं सांगावं, की तसं.

ती एका दगडाला टेकून बसली होती. मी लांबूनच बोलायला सुरुवात केली. "मावशी, तो गेला गं, पण म्हणालाय की..." इतकं बोलले. मग जवळ पोचले.

चिमटा मांडीवर पडला होता. उजवी मूठ मिटलेली होती. तोंड रस्त्याच्या बाजूला होतं. तिथून रस्ता वळणापर्यंत स्वच्छ दिसतो. त्या रस्त्याने जाणारा ट्रक, ट्रकवरची गाडी, सगळं दिसतं. तिने ते पाहिलं की त्याआधीच, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते काय, सगळ्यांना तेच म्हणतात.

मालकाने फोन केला. ट्रक वाटेतूनच फिरला. शर्यतीतलं नाव कापलं गेलं. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. भाचाही नाही.

तिची मूठ भाच्यानेच उघडली. आत एक काळा तुकडा होता. बोटभर. तो घेऊन तो शेडमध्ये आला, फळीसमोर उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्यामागे उभे राहिलो. त्याने तुकडा खंडाच्या जागी ठेवला. लांबी बरोबर होती. मग त्याने तो फिरवला, उलटा केला, पुन्हा ठेवला. तुकड्याला दाते नव्हते. पोटात दोरे नव्हते. कुठल्या तरी टायरचं सालटं होतं ते.

"हिला कळलं असणार," मिस्त्री म्हणाला. "हिने वास घेतला असणार ना?"

मी अजूनही त्याचाच विचार करते. वास घेतला असेल तर तो मुठीत का ठेवला? टाकायला विसरली? की तुकडा मिळाला असं त्याला सांगून... पण ती असं करणारी नव्हती. की त्या दिवशी होती? तिने म्हटलं होतं, मिळाला तर तू जा.

तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडी सोडवायला घेतली. कुणाची मदत घेतली नाही. सीट काढली. टाकी उतरवली. वाकडी नळी बाहेर ओढली, तिचे दोन भाग सुटे केले आणि एकेक उजेडाकडे धरला. मी काउंटरवरून बघत होते. आरपार दिसत होतं. आत धुळीशिवाय काही नव्हतं.

तो कितीतरी वेळ नळीला डोळा लावून उभा होता. मग ती खाली ठेवून मला म्हणाला, "म्हणजे उतारावरच आहे."

रोज काम संपलं की तो उतारावर जातो. कधी मी जाते, कधी मिस्त्री. आम्हाला वास ओळखता येत नाही. मिळेल ते घेऊन येतो, खंडाच्या जागी ठेवून बघतो, परत नेऊन टाकतो. बग्गी तशीच उघडी उभी आहे. मालकाने एकदा म्हटलं की गिऱ्हाईक आलंय, झाकण लावून देऊन टाकू. मिस्त्री म्हणाला, लावा की, तुम्हीच लावा. मालक परत आपल्या खोलीत गेला.

फळी होती तिथेच आहे. तुकडे दात्याला दाता लावून बसलेत, मधे तेवढी बोटभर जागा. कडेला दोऱ्यांच्या जुड्या बांधून ठेवल्यात, एक सोडून सगळ्या. ती एक अर्धी विंचरलेली आहे. वरचे दोरे सरळ, खालचा गुंता तसाच, आणि कंगवा त्यात अडकलेला. बांधायचा दोरा तिने आधीच दाताने तोडून फळीच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता.